घोणसदंशाचा अभ्यास आणि सरकारी अनुदान : कुठे मागावे, कसे मागावे

विदर्भातील एका शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात औषधवैद्यकशास्त्र विभागात सहायक प्राध्यापक असलेल्या एका वाचक डॉक्टरांचे पत्र या वेळी उत्तरासाठी घेतले आहे. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातला आवश्यक भागच येथे देत आहे.

‘स.न.वि.वि. माझे एम.डी. होऊन सहा वर्षे झाली. आमच्या रुग्णालयात वर्षाला घोणस चावलेले दीडशेच्या आसपास रुग्ण येतात आणि त्यांपैकी साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या मूत्रपिंडांना इजा होते. काहींना डायलिसिस लागते. लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम बिघडले की रक्तात वाढणारा घटक) उतरले की आम्ही त्यांना घरी सोडतो आणि त्यानंतर ते दिसत नाहीत. दीड-दोन वर्षांनी त्यांच्यातलाच एखादा सुजलेल्या पायांनी परत येतो, तेव्हा फार उशीर झालेला असतो. या रुग्णांचे पुढे काय होते, याचा अभ्यास व्हावा म्हणून मी गेल्या वर्षी ऐंशी लाख रुपयांचा प्रस्ताव पाठवला होता. “उद्दिष्टे नेमकी नाहीत, अंदाजपत्रकाचे समर्थन अपुरे आहे” अशा दोन ओळींत तो नाकारला गेला. सहकारी म्हणतात की ही अनुदाने दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांसाठीच असतात आणि ओळखीशिवाय मिळत नाहीत. माझी नेमणूक कायम आहे, पण पीएच.डी. नाही. रुग्णांवरील संशोधनाला मान्यता देणाऱ्या आमच्या नैतिकता समितीची बैठक कित्येक महिन्यांत झालेली नाही आणि प्रकल्पाचा पैसा म्हणजे डोक्याला ताप, असे लेखा विभाग म्हणतो. मी कोणत्या कार्यालयाकडे, कोणत्या योजनेत अर्ज करावा? प्रस्तावाची प्रत सोबत जोडली आहे.’

डॉक्टर, कार्यालय आणि योजना यांच्याकडे मी येणारच आहे. परंतु तुमचे पत्र आणि तुमचा प्रस्ताव शेजारी शेजारी ठेवून वाचल्यावर जे पहिल्यांदा जाणवले, ते आधी सांगणे आवश्यक वाटते. पत्रात तुम्ही एकच प्रश्न विचारला आहे : घोणसदंशानंतर मूत्रपिंडांना इजा होऊन बरे झालेल्या, म्हणजे आपण बरे झाले असे समजून घरी पाठवलेल्या, रुग्णांचे वर्षभराने काय होते? प्रस्तावात मात्र सात उद्दिष्टे आहेत. जिल्ह्यातील सर्पदंशाचे प्रमाण, रुग्णालयात पोहोचायला लागणारा उशीर, मांत्रिकाकडे जाण्याची कारणे, विषाच्या रचनेतला प्रादेशिक फरक, रक्तातील नवे जैवचिन्हक, ग्रामस्थांची जनजागृती आणि शेवटी, सातव्या क्रमांकावर, मूत्रपिंडांचा पाठपुरावा. ज्या एका गोष्टीसाठी तुम्हाला रात्री झोप लागत नाही, ती तुम्ही सर्वांत खाली ढकलली आहे. परीक्षकांच्या त्या दोन ओळी तुम्हाला कोरड्या वाटल्या असतील, आणि त्यांनी थोडे अधिक लिहायला हवे होते हेही खरे. पण त्या चुकीच्या नव्हत्या.

असे का होते, तेही मला कळते. एकच साधा प्रश्न घेऊन सरकारकडे पैसे मागायचे तर तो फार किरकोळ दिसेल, अशी भीती वाटते आणि मग विषशास्त्रापासून जनजागृतीपर्यंत सगळे त्यात भरले जाते. प्रत्यक्षात तुमचा हा एक प्रश्नच भक्कम आहे. भारतातील मृत्यूंच्या मोठ्या राष्ट्रीय सर्वेक्षणावरून केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख लोक दगावले, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशविषबाधेच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले. मृत्यू मोजण्याची निदान एक पद्धत तरी आपल्याकडे आहे. वाचलेल्यांच्या मूत्रपिंडांचा हिशेब मात्र त्या आकड्यांत कुठेच येत नाही. हा मुद्दा चार वाक्यांत लिहा. तुमच्या आधीच्या प्रस्तावात प्रास्ताविकच अकरा पानांचे आहे आणि त्यात चार विषारी सापांची शरीररचनासुद्धा आहे. परीक्षकाला घोणस आणि फुरसे यांतला फरक तुम्ही शिकवण्याची गरज नाही.

आता प्रश्नाला आकडा द्यायचा. बहुतेक प्रस्ताव येथेच अडखळतात, म्हणून यावर थोडे सविस्तर लिहितो. समजा, मूत्रपिंडांना इजा झालेल्यांपैकी वर्षभराने २० टक्के रुग्णांमध्ये दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची लक्षणे सापडतील, असा तुमचा अंदाज आहे आणि तो आकडा पाच टक्के इकडे-तिकडे इतक्या अचूकतेने तुम्हाला मांडायचा आहे. ९५ टक्के विश्वासपातळी धरली तर नेहमीच्या सूत्राने २४६ रुग्ण लागतात. पाचांपैकी एक रुग्ण पाठपुराव्यातून निसटेल असे धरले, तर सुरुवातीला ३०८ रुग्ण घ्यावे लागतील. तुमच्या रुग्णालयात असे रुग्ण वर्षाला पन्नास. म्हणजे एकट्या तुमच्या महाविद्यालयाला नुसती भरती करायलाच सहा वर्षे लागतील आणि अनुदान तर तीन वर्षांचे असते. आधीच्या प्रस्तावात तुम्ही ‘५०० रुग्ण’ असे लिहिले आहे आणि तो आकडा कुठून आला याबद्दल एक शब्दही नाही. संख्याशास्त्र जाणणारा परीक्षक पहिल्यांदा तेच पाहतो आणि तिथेच त्याचा प्रस्तावावरचा विश्वास उडतो.

यातून मार्ग आहे. तुमच्यासारखेच रुग्ण येत असलेली आणखी दोन शासकीय महाविद्यालये सोबत घ्या. तिघांचे मिळून वर्षाला दीडशे रुग्ण झाले, तर दोन पावसाळ्यांत तीनशे रुग्ण भरती होतील आणि तिसरे वर्ष पाठपुराव्यासाठी मोकळे राहील. ३०८ ऐवजी ३०० म्हणजे आठची तूट पडते. ती लपवू नका, अचूकतेत त्यामुळे किती किंचित फरक पडतो ते एका ओळीत लिहून टाका. सहयोगी महाविद्यालयांतल्या डॉक्टरांची संमतिपत्रे, त्यांच्याकडच्या गेल्या तीन वर्षांच्या नोंदवहीतले रुग्णांचे आकडे आणि कोण काय करणार याची लेखी वाटणी प्रस्तावाला जोडा. केवळ वजन वाढवण्यासाठी एखाद्या नामवंताचे नाव सह-संशोधक म्हणून घालू नका. त्याचे काम काय, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते.

आणखी एक प्रश्न परीक्षक हमखास विचारतील. आपल्याकडे उन्हातान्हात राबणाऱ्या शेतमजुरांमध्ये मूत्रपिंडविकार तसेही आढळतात आणि मधुमेह-रक्तदाबाचे निदान न झालेले रुग्णही पुष्कळ असतात. मग वर्षभराने दिसलेला बिघाड घोणसदंशामुळेच झाला कशावरून? याचे उत्तर तुमच्याच वॉर्डात आहे. घोणस चावली, पण मूत्रपिंडांना इजा झाली नाही, असे शंभर रुग्ण तुमच्याकडे दरवर्षी येतात. त्यांतल्या काहींचा त्याच वेळापत्रकाने पाठपुरावा केला की तुलनेसाठी गट मिळतो आणि खर्चही फारसा वाढत नाही. वर्षभरात तीन भेटी पुरेत : तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात. प्रत्येक भेटीत रक्तदाब, क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन. दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणण्यासाठी बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकावा लागतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणूनच पहिली भेट तिसऱ्या महिन्याच्या आत ठेवून उपयोग नाही.

आणि २० टक्क्यांचा तो अंदाज कुठून आणायचा? गेल्या दोन वर्षांत घरी सोडलेल्या रुग्णांना नैतिकता समितीची परवानगी घेऊन आत्ताच बोलावा. तीस-चाळीस जण आले तरी पुरे. त्यांची तपासणी तुमच्याच प्रयोगशाळेत होईल आणि त्यासाठी मोठ्या अनुदानाची गरज नाही. प्रस्तावात ‘आम्ही प्राथमिक पाहणीत असे पाहिले’ हे एक वाक्य आले की पुढची सगळी गणिते हवेतली राहत नाहीत.

आता कार्यालयांकडे वळतो. तुमच्या प्रश्नासाठी पहिले दार भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे, म्हणजे आयसीएमआरचे आहे. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नावाने सुरू झालेली आणि १९४९ मध्ये आजचे नाव मिळालेली ही परिषद स्वतःच्या संस्थांमध्ये संशोधन करतेच, शिवाय बाहेरच्या महाविद्यालयांना, विद्यापीठांना आणि संस्थांना बाह्य संशोधन अनुदान देते. त्यातल्या लघु अनुदानाची मर्यादा दोन कोटी रुपये आणि तीन वर्षे अशी आहे. मध्यम अनुदान दोन ते आठ कोटी रुपयांचे आणि चार वर्षांपर्यंतचे असते. तुमच्या अभ्यासाला लघु अनुदान योग्य आहे. दोन कोटी मिळू शकतात म्हणून दोन कोटी मागू नका. अर्ज परिषदेच्या ऑनलाइन प्रणालीवरच भरावा लागतो आणि प्रस्ताव मागवण्याची सूचना निघाल्यानंतर ठरावीक मुदतीतच तो घेतला जातो. प्रत्येक सूचनेबरोबर मर्यादा आणि अटी थोड्याफार बदलतात, त्यामुळे जुन्या अर्जाचा नमुना घेऊन बसू नका. याखेरीज परिषद वेळोवेळी विशिष्ट विषयांवरही प्रस्ताव मागवते. सर्पदंशाचा विषय अशा सूचनेत आला, तर स्पर्धा कमी लोकांत होते, म्हणून परिषदेच्या संकेतस्थळावर आठवड्यातून एकदा नजर टाकण्याची सवय लावा.

दुसरे दार आरोग्य संशोधन विभागाचे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयातला हा विभाग २००७ मध्ये स्थापन झाला आणि आयसीएमआर त्याच्याच अखत्यारीत येते. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये बहुविद्याशाखीय संशोधन कक्ष उभारण्याची योजना याच विभागाची. तुमच्या महाविद्यालयात असा कक्ष मंजूर आहे का, हे अधिष्ठाता कार्यालयात आधी विचारा. अनेकदा कक्ष असतो, उपकरणे असतात, संशोधन सहायक असतो आणि शेजारच्या विभागाला त्याचा पत्ता नसतो. वर सांगितलेली प्राथमिक पाहणी अशा कक्षाच्या स्थानिक समितीकडून सहज मंजूर होऊ शकते. याच विभागाच्या आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांपैकी एक पालघर जिल्ह्यात डहाणूला आहे आणि तेथे आयसीएमआरच्या मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली सर्पदंशावरच काम झालेले आहे. तेथील संशोधकांचे प्रसिद्ध झालेले लेख वाचा आणि त्यांना लिहा. मनुष्यबळ विकासासाठी या विभागाच्या शिष्यवृत्त्याही आहेत; कौटुंबिक कारणाने कामात खंड पडलेल्या महिला शास्त्रज्ञांसाठी त्यांत स्वतंत्र तरतूद आहे. तुम्हाला ती लागू नाही, पण तुमच्या एखाद्या मैत्रिणीला लागू असेल.

बाकीची दारे तुमच्या आजच्या प्रश्नाची नाहीत. ती का नाहीत, एवढे कळले तरी वेळ वाचेल. जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ पासून प्रयोगशाळेतल्या जैववैद्यकीय संशोधनाला पैसे देतो. तुमच्या जुन्या प्रस्तावातला विषाच्या रचनेतला प्रादेशिक फरक किंवा दंश कोणत्या सापाचा हे ओळखणारी झटपट चाचणी असे विषय त्याच्याकडचे. अशी चाचणी उत्पादन म्हणून बाजारात आणायची असेल, तर त्या विभागाच्या बायरॅक या उपक्रमाचे ‘बिग’ अनुदान आहे, १८ महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंतचे, पण ते उद्योजकांसाठी आहे. मूलभूत विज्ञानासाठी पूर्वी ‘सर्ब’ (विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ) होते. २०२३ च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानमध्ये ते आता विलीन झाले आहे. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनमधील वेलकम ट्रस्ट यांच्या इंडिया अलायन्सच्या पाठ्यवृत्त्या मात्र पुढे-मागे तुमच्या कामाच्या ठरतील, कारण त्या प्रकल्पाइतक्याच संशोधकावर खर्च करतात आणि त्यांत डॉक्टरांसाठी व सार्वजनिक आरोग्यासाठी वेगळी शाखा आहे. २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला १,५०० कोटी रुपयांची मंजुरी दिली असून त्यातले १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकम ट्रस्टचे आहेत. स्पर्धा तीव्र असते. आधी एक छोटा प्रकल्प पूर्ण करून त्यावरचे लेख हाती असले, की मगच तिकडे जावे.

पीएच.डी. नाही म्हणून तुम्ही अपात्र ठरत नाही. वैद्यकीय शाखेत एम.डी. पुरेशी धरली जाते. महत्त्वाची अट कायम नेमणुकीची आहे आणि ती तुम्ही पूर्ण करता. हे पत्र वाचणाऱ्यांमध्ये कंत्राटावर काम करणारे सहायक प्राध्यापकही असतील, कारण आपल्या शासकीय महाविद्यालयांत त्यांची संख्या मोठी आहे. त्यांनी विभागातल्या कायम प्राध्यापकांना मुख्य संशोधक करून स्वतः सह-संशोधक व्हावे. मात्र प्रस्ताव कोणाचा, विदा, म्हणजे अभ्यासात गोळा झालेली माहिती, कोणाच्या ताब्यात राहील आणि लेखावर पहिले नाव कोणाचे, हे अर्जापूर्वीच लिहून दोघांनी सही करावी. नंतरचा मनस्ताप पाहता ही पाच मिनिटांची अडचण सोसलेली बरी.

ओळखीबद्दल. मोठ्या संस्थांना अनुदाने अधिक मिळतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे मोठे कारण असे, की तेथे प्रस्ताव लिहिण्याची रीत मुरलेली असते, संख्याशास्त्रज्ञ बाजूच्या खोलीत असतो आणि पाठवण्यापूर्वी चार जणांनी तो मसुदा फाडून काढलेला असतो. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही : रुग्ण. महाडसारख्या ठिकाणी विंचूदंशाचे रुग्ण पाहता पाहता डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी काटेकोर नोंदी ठेवल्या, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि ते काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ज्या खाटेवर रुग्ण दगावतो, तिच्याजवळ उभ्या असलेल्या डॉक्टरलाच कधी कधी योग्य प्रश्न दिसतो. त्यामुळे सहकाऱ्यांचे बोलणे मनावर घेऊ नका आणि मसुदा फाडून काढणारे चार जण तेवढे शोधा. त्यातला एक तुमच्याच महाविद्यालयाच्या जनऔषधवैद्यकशास्त्र विभागातला असावा.

अंदाजपत्रकाबद्दल मला थोडे कडक बोलावे लागेल. ऐंशी लाखांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम तुम्ही उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि एक स्वयंचलित विश्लेषक यंत्र यांवर दाखवली आहे. क्रिएटिनिन तुमच्या रुग्णालयात रोज होते. ज्या नमुन्यांवर कोणती चाचणी करणार हेच ठरलेले नाही, ते साठवण्यासाठी फ्रीझर कशाला? घोणसदंशात सर्वांत मोलाची चाचणी कोणती, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता : काचेच्या नव्या, स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घ्यायचे, २० मिनिटे हात न लावता ठेवायचे आणि मग नळी एकदा कलती करून रक्त गोठले की नाही ते पाहायचे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर निकाल चुकतो. तिन्ही महाविद्यालयांत ही चाचणी एकाच पद्धतीने व्हावी म्हणून काचेच्या नळ्या, भिंतीवरचे घड्याळ आणि परिचारिकांचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण यांसाठी पैसे मागा. ती रक्कम हास्यास्पद वाटावी इतकी लहान असेल, पण ती वाचून परीक्षकाला कळेल की या माणसाने रात्री दोन वाजता सर्पदंशाचा रुग्ण पाहिला आहे.

खरा खर्च माणसांवर आणि प्रवासावर आहे आणि तो तुम्ही जवळजवळ दाखवलेलाच नाही. घरी गेलेला शेतमजूर एका रक्ततपासणीसाठी साठ किलोमीटरवरून येणार, म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडणार आणि एसटीचे भाडे वर. प्रत्येक भेटीसाठी ५०० रुपये धरले, तर ३०० रुग्णांच्या तीन भेटींचे साडेचार लाख रुपये होतात; तुलनेच्या गटासाठी वेगळे. ही लाच नव्हे, नुकसानभरपाई आहे. नैतिकतेच्या मार्गदर्शक तत्त्वांना ती मान्य आहे. रकमेचा आधार लिहा, म्हणजे समितीला ती आमिष वाटणार नाही. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या जिल्ह्यात कामाला गेलेल्यांसाठी काय करणार, तेही लिहा. प्रत्येक महाविद्यालयासाठी एक क्षेत्रीय कार्यकर्ता लागेल. भरतीच्या वेळीच रुग्णाचा, शेजाऱ्याचा आणि गावातल्या आशाताईंचा असे तीन फोन नंबर तो घेईल आणि जो येणार नाही त्याच्या घरी जाऊन नमुना घेईल. कर्मचाऱ्यांची पदनामे आणि मानधन आयसीएमआरने ठरवून दिलेल्या दरांनुसारच घाला, स्वतःच्या मनाने नव्हे. अंदाजपत्रकातल्या प्रत्येक ओळीपुढे ‘हे नसेल तर काय अडेल’ याचे उत्तर लिहिता आले पाहिजे. ज्या ओळीपुढे ते येत नाही, ती काढून टाका.

नैतिकता समिती हा तुमच्यापुढचा सर्वांत मोठा अडथळा आहे आणि तो अर्ज मंजूर होण्याची वाट न पाहता आजच हलवायला हवा, कारण मंजुरीपत्र आले तरी समितीची मान्यता हाती नसेल तर रक्कम सुटत नाही. नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियम, २०१९ नुसार जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी असावी लागते. औषधांच्या चाचण्यांसाठी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे केलेली नोंदणी वेगळी. तुमच्या समितीची कोणती नोंदणी आहे आणि तिची मुदत संपली तर नाही ना, हे सदस्य-सचिवांना विचारा. समितीत किमान सात सदस्य आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. बैठका न होण्याचे कारण बऱ्याचदा हेच असते की अध्यक्ष बदलून गेले आणि नव्या अध्यक्षांच्या नेमणुकीचा कागद कोणी पुढे सरकवला नाही. तो कागद तुम्ही पुढे सरकवा, अधिष्ठात्यांना तयार मसुदा नेऊन द्या. तीन महाविद्यालये असल्याने तीन समित्यांपुढे जावे लागेल. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बहुकेंद्री अभ्यासासाठी एकत्रित परीक्षणाची सोय आहे, तिचा विचार करा.

संमतिपत्र मराठीत हवे, आणि तुमच्या जिल्ह्यात गोंडी किंवा कोलामी बोलणारे रुग्ण असतील तर त्या भाषेत समजावून सांगणारा माणूसही हवा. वाचता न येणाऱ्याच्या संमतीला निःपक्ष साक्षीदार लागतो. वॉर्डातली परिचारिका संशोधन पथकात असेल तर ती साक्षीदार होऊ शकत नाही. तुमचा अभ्यास निरीक्षणात्मक आहे, उपचारात काही बदल करत नाही, म्हणून दंशाच्या रात्री घाबरलेल्या नातेवाइकांपुढे कागद धरण्याची गरज नाही. रुग्ण सावरल्यावर, घरी जाण्याच्या आदल्या दिवशी शांतपणे विचारा. आणि ज्याच्या तपासणीत बिघाड सापडेल, त्याच्यावर उपचार कोण करणार, हे प्रस्तावात स्पष्ट लिहा. नुसती नोंद करून त्याला परत पाठवणे मला तरी सहन होणार नाही, तुम्हालाही होणार नाही. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियामध्ये अशा अभ्यासाची नोंदणी सक्तीची नाही, तरीही ती पहिला रुग्ण घेण्यापूर्वी करावी. परदेशी संस्था सहभागी नसल्याने आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचा प्रश्न येत नाही.

लेखा विभागाची तक्रार निराधार नाही. अनुदान तुमच्या नव्हे, संस्थेच्या नावावर येते; ते हप्त्यांत येते, आणि पुढचा हप्ता वार्षिक अहवाल, खर्चाचे विवरण व उपयोगिता प्रमाणपत्र पोहोचल्याशिवाय सुटत नाही. हे प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम, २०१७ मधील १२-अ या नमुन्यात द्यावे लागते. रकमेवर व्याज मिळाले असेल, तर तेही सरकारला परत दाखवावे लागते. एका बाबीखालचा पैसा दुसऱ्या बाबीवर परस्पर वळवता येत नाही. खरेदी शासकीय नियमांनी, म्हणजे बहुधा ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या संकेतस्थळावरूनच करावी लागते, आणि क्षेत्रीय कार्यकर्त्याच्या नेमणुकीसाठी जाहिरात, मुलाखत, निवड समिती हे सगळे आले. दुसऱ्या वर्षाचा हप्ता अडकला, की सर्वांत आधी त्या कार्यकर्त्याचे मानधन थांबते. ज्या मुलामुलींनी गावोगाव फिरून नमुने आणले, त्यांना तीन-चार महिने पैसे मिळत नाहीत आणि याची लाज कोणालाच वाटत नाही, हे मला फार खटकते. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वीच लेखाधिकाऱ्यांना भेटा, नमुना १२-अ त्यांच्यापुढे ठेवा, वर्षअखेरीच्या तारखा त्यांच्या दिनदर्शिकेत लिहून घ्या आणि आर्थिक वर्ष संपल्यावर एप्रिलमध्येच प्रमाणपत्र मिळवा. नंतर तपासनीस येतील तेव्हा मूळ पावत्या लागतात. त्या विभागाच्या कपाटात नव्हे, वेगळ्या फाइलमध्ये तारखेनुसार ठेवा.

शेवटी वेळापत्रक. इतर आजारांच्या संशोधकांना ही काळजी नसते, तुम्हाला आहे. घोणसदंशाचे रुग्ण वर्षभर थोडेफार येत असले, तरी पेरणीपासून पिके काढेपर्यंतच्या काळात ते एकदम वाढतात. तुमची मंजुरी ऑगस्टमध्ये आली आणि नेमणुका-खरेदीत ऑक्टोबर उजाडला, तर पहिला हंगाम गेला आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात भरतीसाठी एकच पूर्ण हंगाम उरला. प्रस्तावाच्या कालरेषेत हे सरळ लिहा आणि मंजुरी कोणत्याही महिन्यात आली तरी मेअखेर तिन्ही ठिकाणी माणसे, नळ्या आणि नोंदणी-अर्ज तयार असतील अशा रीतीने सुरुवातीची तारीख मागा. मंजुरीची वाट पाहण्याच्या काळात प्राथमिक पाहणी उरकेल. तुमच्या एम.बी.बी.एस.च्या एखाद्या विद्यार्थ्याला आयसीएमआरच्या अल्पकालीन विद्यार्थी संशोधन योजनेत दोन महिन्यांसाठी त्यात घेता येईल. १९७९ पासून चालू असलेली ही योजना फार चांगली आहे. पदव्युत्तर विद्यार्थिनीला तोच विषय प्रबंधासाठी द्यायचा असेल, तर तिच्या प्रबंधाची उद्दिष्टे प्रकल्पापासून वेगळी ठेवा, नाहीतर तिच्या पदवीची मुदत आणि तुमच्या हप्त्यांची मुदत एकमेकींत अडकतील.

जुनाच प्रस्ताव किरकोळ फेरबदल करून पुन्हा पाठवू का, असे तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला विचारले आहे. पाठवू नका. एकच उद्दिष्ट घेऊन नव्याने लिहा आणि आधीच्या परीक्षकांनी काय म्हटले होते व तुम्ही त्यावर काय केले, हे नव्या अर्जात वाव असेल तेथे मोकळेपणाने सांगा. बाकीच्या सहा उद्दिष्टांपैकी रुग्णालयात पोहोचायला लागणारा उशीर एवढी एकच गोष्ट नोंदणी-अर्जात दोन प्रश्नांच्या रूपाने ठेवता येईल, कारण तिचा मूत्रपिंडांच्या इजेशी थेट संबंध आहे. नवा मसुदा तयार झाला, की या सदराच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून शेरे लिहून देईन. फक्त प्राथमिक पाहणीच्या तक्त्यांमधून रुग्णांची नावे, गावे आणि नोंदणी क्रमांक आधी काढून टाका.